ठसेकार टॉमस ब्यूइक

वसंतातल्या व्याख्यानांतून राज्यकर्त्यांविषयी, संतांविषयी आणि ग्रंथकारांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. ग्रंथ ज्यांच्या हातांतून बाहेर पडतात त्या जुळाऱ्यांविषयी आणि ठसे कोरणाऱ्यांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. आज आम्ही अशाच एका माणसाचे चरित्र श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. त्याचे नाव टॉमस ब्यूइक. इंग्लंडच्या उत्तरेस टाइन नदीच्या काठी न्यूकॅसल नावाचे, कोळशाच्या व्यापारावर वाढलेले शहर आहे. तेथे जवळजवळ साठ वर्षे हा मनुष्य हातात कोरणी घेऊन बसला. अडीच-तीन इंच रुंदीच्या लाकडी ठोकळ्यांवर त्याने जे काम केले त्यामुळे सचित्र पुस्तक सामान्य गृहस्थाच्या घरात येऊन पोहोचले. आणि त्याच कामामुळे एक प्रश्न भांडणाच्या रूपाने उभा राहिला, तो असा की पुस्तक कोणाचे? मजकूर लिहिणाऱ्याचे, की चित्र कोरणाऱ्याचे?

चरित्राकडे वळण्यापूर्वी थोडे छापखान्यात शिरले पाहिजे, कारण त्यावाचून ब्यूइकची थोरवी ध्यानात यावयाची नाही. खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा जो भाग कागदावर उमटावयाचा तो उंच असतो. त्यावर शाई फिरवली आणि कागद दाबला की काम झाले. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राची रीत याच्या बरोबर उलट. तेथे रेघ खोल खणावयाची, खणलेल्या चरांत शाई भरावयाची, वरचा पत्रा पुसून लख्ख करावयाचा, आणि मग ओलसर कागद त्यावर ठेवून रुळांखालून असा जबर दाबून काढावयाचा की चरांतील शाई त्याने ओढून घ्यावी. यंत्र वेगळे, शाई वेगळी, कारागीरही वेगळा. म्हणून ताम्रपटाचे चित्र निराळ्या पानावर छापून मागाहून पुस्तकात बांधावे लागे, नाही तर एकच पान दोन यंत्रांतून दोनदा काढावे लागे. पुस्तकाची किंमत त्या मानाने वाढे आणि ते श्रीमंतांच्या कपाटात जाऊन बसे.

लाकडी ठशाला ही अडचण नव्हती. तो खिळ्यांच्याच उंचीचा करून खिळ्यांच्या शेजारी चौकटीत आवळला की एकाच दाबात अक्षर आणि चित्र दोन्ही उमटत. पण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात हे काम पार उतरणीला लागले होते. बाजारात पैशा-दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या पोवाड्यांच्या आणि गोष्टींच्या चोपड्यांवर जे ओबडधोबड ठसे दिसत, तेवढाच त्याचा उपयोग उरला होता. याचे एक कारण लाकडातच होते. ठसे फळीवर कोरले जात. फळीत लाकडाच्या रेषा लांब धावत असतात. त्यांना आडवे पाते चालवले की लाकूड फाटते, चिरफळ्या निघतात. बारीक काम तेथे कठीण.

आता आपल्याकडचा खाटकाचा ओंडका डोळ्यांसमोर आणा. त्यावर रोज सत्तूर पडतो, तरी तो उभा चिरत नाही, कारण झाडाच्या खोडाचा आडवा काप वर केलेला असतो. रेषांची टोके वर असतात. पाते कोणत्याही दिशेला गेले तरी अडत नाही. ब्यूइकने ठशासाठी असाच आडवा काप घेतला, तोही बॉक्स नावाच्या अतिशय सावकाश वाढणाऱ्या, म्हणून दगडासारखे घट्ट लाकूड देणाऱ्या झाडाचा. त्यावर सुतारी पटाशी न चालवता तांब्यावर काम करणाऱ्याची बारीक कोरणी चालवली. ही युक्ती सर्वस्वी त्याचीच होती असे म्हणता येणार नाही. त्याच्या आधीही काही कारागिरांनी ती वापरली होती. परंतु तिच्यातून काय काय निघू शकते हे दाखवले ते ब्यूइकने. कोरणी जेथे जाईल तेथील लाकूड निघून जाणार, आणि छापताना ती जागा पांढरी राहणार. म्हणजे काळ्या पाटीवर खडूने चित्र काढावे तसा हा व्यवहार आहे: अंधारातून उजेड काढीत जायचे. पूर्वीचे ठसेकार चित्रकाराच्या काळ्या रेघेभोवतालचे लाकूड काढून टाकण्याचे काम करीत. ब्यूइकची प्रत्येक पांढरी रेघ त्याची स्वतःची होती. पक्ष्याच्या छातीवरचे पीस न् पीस त्याने असे उजळले. शिवाय दूरची टेकडी, नदीवरचे धुके फिकट यावे म्हणून ठशाचा तेवढा भाग तो आधीच किंचित तासून खाली घेई. तेथे दाब कमी बसे आणि शाई हलकी उमटे.

हा माणूस १७५३ साली न्यूकॅसलपासून दहा-बारा मैलांवर, चेरीबर्न नावाच्या शेतघरात जन्मला. आठ भावंडांत थोरला. बापाकडे थोडी जमीन आणि एक लहानशी कोळशाची खाण खंडाने होती. ओव्हिंगहॅमच्या पाळकाच्या शाळेत त्याला घातले. तेथे गणिताच्या पाटीवर आकडे कमी आणि चित्रे जास्त. पाटी आणि वह्यांचे समास संपले तेव्हा खडूने थडग्यांच्या शिळा आणि चर्चच्या ओसरीची फरशी भरू लागली. चित्र म्हणून त्याने पाहिले होते काय, तर गावातल्या दारूच्या गुत्त्यांवरील पाट्या. आसपासच्या कोणाला शिकारीचे किंवा कुत्र्यांचे चित्र हवे असले की या पोराला बोलावीत.

१७६७ साली, चौदाव्या वर्षी, त्याला न्यूकॅसलच्या राल्फ बेल्बी या कोरक्याकडे सात वर्षांच्या कराराने उमेदवार ठेवले. येथे कोणी कलाशाळेची कल्पना करू नये. बेल्बीच्या दुकानात दारावरच्या पितळी पाट्या, तलवारीची पाती, मोहरा, चमचे, घड्याळांच्या तबकड्या, कुत्र्यांचे गळपट्टे, शवपेटीवरची नावे, व्यापाऱ्यांची बिले, जे येईल ते कोरले जाई. कठीण धातूवर कोरता कोरता पोराचे हात राठ झाले. बेल्बीला लाकूड आवडत नसे, म्हणून लाकडाचे काम आले की ते या उमेदवाराकडे सरके. त्यातच चार्ल्स हटन नावाच्या तेथल्या गणितशिक्षकाने क्षेत्रमापनावर मोठा ग्रंथ लिहिला; तो १७७० साली प्रसिद्ध झाला. त्यातील आकृत्या याने बॉक्सच्या लाकडावर कोरल्या. त्रिकोण आणि वर्तुळे यांच्या शुद्ध रेघांवर बसलेला हा हात पुढे पाखरांच्या पंखांवर फिरला.

१७७५ साली लंडनच्या कलोत्तेजक मंडळीने त्याच्या ठशांना पारितोषिक दिले. सुवर्णपदक घ्या किंवा सात गिनी घ्या, असा पर्याय होता. त्याने गिनी घेतल्या आणि त्या आईच्या हातावर नेऊन ठेवल्या. पुढच्या वर्षी तीन गिनी कमरेच्या पट्ट्यात शिवून तो पायी स्कॉटलंड हिंडला, आणि मग लंडनला गेला. लंडनमध्ये काम मुबलक होते. तरी त्या शहराशी त्याचे जमले नाही. पराकाष्ठेच्या श्रीमंतीशेजारी पराकाष्ठेचे दारिद्र्य त्याला पाहवेना. एक वर्षही न काढता १७७७ मध्ये तो परत आला आणि जुन्या धन्याचा, बेल्बीचा, भागीदार झाला. जगात नाव काढायचे तर राजधानीत राहिले पाहिजे, असे आपल्याकडेही पुष्कळांना वाटते. ब्यूइकने आपले सर्व महत्त्वाचे काम आडगावी म्हणवणाऱ्या शहरात बसून केले.

पहिला मोठा संकल्प चतुष्पाद प्राण्यांच्या पुस्तकाचा. मुलांसाठी असलेल्या प्राण्यांच्या पुस्तकांतील चित्रे त्याला लहानपणापासून खटकत होती. याहून चांगले आपण करू असे त्याने मनाशी धरले होते. दिवसभर दुकानाचे काम आणि रात्री दिव्यापाशी हे ठसे, असा क्रम सुरू झाला. पहिला ठसा कोरायला त्याने घेतला तो १५ नोव्हेंबर १७८५ रोजी. त्याच दिवशी त्याचे वडील वारले. १७९० साली पुस्तक निघाले, आठ शिलिंगांना, आणि १५०० प्रती झपाट्याने संपल्या. पाठोपाठ आवृत्त्या निघत गेल्या. आमचे मत विचाराल तर हे पुस्तक एकसारखे नाही. गेंडा, जिराफ असले परदेशी प्राणी त्याने दुसऱ्यांच्या चित्रांवरून काढले, आणि ते तसेच निर्जीव राहिले आहेत. पण मेंढपाळाचा कुत्रा, गाढव, त्या मुलखातले बैल पाहा. ते चिखलात उभे असल्यासारखे दिसतात.

या सुमाराची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १७८९ साली मार्मड्यूक टनस्टॉल या पक्षिप्रेमी गृहस्थासाठी त्याने चिलिंगहॅमच्या रानटी पांढऱ्या बैलाचा ठसा कोरला. नेहमीपेक्षा पुष्कळ मोठा, आणि त्याच्या मनाप्रमाणे सर्वांत चांगला. कातड्यावर आणि कागदावर मोजक्या प्रती काढून ठसा बाजूला ठेवला, तो नेमका उन्हात. परत येऊन पाहतात तो लाकूड तडकलेले! पुढे तो आवळून सांधला. परंतु तडा जाण्यापूर्वीच्या प्रतींना जी किंमत आली ती आलीच.

येथे क्षणभर आपल्या मुलखाकडे पाहू. ब्यूइकच्या पक्षिग्रंथाचा दुसरा भाग १८०४ साली निघाला. १८०५ साली आपल्या मिरजेस श्रीमद्भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. पुण्यात नाना फडणिसांच्या अमदानीत सुरू झालेला हा उद्योग मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयाने पुरा झाला, आणि तो करणारा एक तांबट होता. म्हणजे ज्या दिवसांत टाइनच्या काठी लाकडात पाणपक्षी कोरले जात होते, त्याच दिवसांत कृष्णाकाठच्या मुलखात आपला कारागीर उलटी अक्षरे कोरीत होता. फरक असा की आपल्याकडे खिळेच नव्हते, त्यामुळे एक पान म्हणजे एक पत्रा. तो पत्रा दुसऱ्या ग्रंथाला उपयोगी नाही. पुढे १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले तेव्हा अक्षर आणि चित्र एकाच दगडावर आले. जो पेच न्यूकॅसलला लाकडाने सुटला तो मुंबईस दगडाने सुटला.

आता पक्षिग्रंथाकडे येऊ. ब्यूइकचे नाव राहिले ते यामुळे. तयारीसाठी १७९१ साली तो टनस्टॉलच्या संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी पाहावयास गेला आणि सुमारे दोन महिने चित्रे काढीत राहिला. पण पेंढा भरणाराने पक्ष्याला जी ऐट दिली ती पक्ष्याची असतेच असे नाही, हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हापासून तो जिवंत किंवा नुकत्याच मारलेल्या पक्ष्यांवर भर देऊ लागला. शिकारी, खलाशी, शेजारपाजारचे लोक पक्षी धाडू लागले. १७९७ साली पहिला भाग, जमिनीवरील पक्ष्यांचा, प्रसिद्ध झाला. शेताच्या बांधावर उभा राहून मनुष्य हातातल्या पुस्तकाशी समोरचे पाखरू ताडून पाहू शकेल असा हा ग्रंथ होता.

भांडण झाले ते याच ग्रंथावरून. मजकूर जमवून लिहिण्याचे काम बेल्बीने केले होते. ब्यूइक तो तपाशी, दुरुस्त करी. छपाई पुरी होत आली तेव्हा मुखपृष्ठावर ग्रंथकार म्हणून बेल्बीचे एकट्याचे नाव जाणार असल्याची कुणकुण ब्यूइकला लागली. ज्या पुस्तकाची कल्पना आपली, ज्यासाठी रात्री जागवल्या, त्यात आपण केवळ मजूर? प्रकरण मित्रमंडळींपुढे गेले आणि असा तोडगा निघाला की मुखपृष्ठावर ग्रंथकाराचे नावच घालू नये; आकृत्या टॉमस ब्यूइकने लाकडावर कोरल्या, एवढेच छापावे. कारागिराचे नाव वर आणि लेखक अनामिक, असे पुस्तक त्या काळी विरळाच. यानंतर भागीदारी मोडली. दुसऱ्या भागाचा मजकूर ब्यूइकने स्वतःच, एका पाळक मित्राची मदत घेऊन, लिहून काढला.

न्याय कोणाकडे होता? बेल्बीचे श्रम काही थोडे नव्हते, आणि त्याचे नाव सर्वस्वी पुसले जावे हे आम्हांस रुचत नाही. पण वाचकांनी निकाल केव्हाच दिला आहे. शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ साली आली. तिच्या आरंभीच पडद्याआड लपलेली पोरकी मुलगी हाच पक्षिग्रंथ मांडीवर घेऊन बसली आहे, आणि मजकूर सोडून चित्रांत रमली आहे.

तथापि या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे, आणि ब्यूइकच्या भक्तांना ती फारशी आवडत नाही. त्याच्या दुकानातही उमेदवार होते. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या उमेदवाराच्या रंगीत रेखाटनांवरून पहिल्या भागातील कित्येक लहान चित्रे कोरली गेली. हा गुणी मुलगा १७९६ सालीच, तरुणपणी, वारला. दुसऱ्या भागातील बरेच ठसे ल्यूक क्लेनेलच्या हातचे आहेत. मुखपृष्ठावर यांपैकी कोणाचे नाव नाही. आपल्या नावासाठी भांडलेल्या माणसाने आपल्या हाताखालच्यांच्या नावाची फिकीर केली नाही. दुकानाची त्या काळची रीतच तशी होती हे खरे. पण बेल्बीही हेच म्हणू शकला असता.

ही लहान चित्रे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एका पक्ष्याची माहिती संपली की पानावर खाली जागा उरे. तेथे मुद्रक फुलापानांची नक्षी टाकतात. ब्यूइकने तेथे आपला मुलूख भरला. पुलाचा कर वाचवण्यासाठी गाईचे शेपूट धरून नदी ओलांडणारा शेतकरी, आणि करापेक्षा महाग असलेली त्याची टोपी वाहून चाललेली. थडग्याच्या शिळांना घोडे करून बसलेली पोरे. पावसात भिजणारा आंधळा सारंगीवाला. लाकडी पायाचा सैनिक. शिंगराचे शेपूट ओढणारे तान्हे पोर आणि लाथ बसण्याच्या आत कुंपण ओलांडून धावत सुटलेली आई. झाडाला लटकलेले प्रेतही यात आहे. हे सर्व तीन इंचांत, आणि खाली एक शब्दही नाही. एका ठशात तर आडोशाच्या झोपड्यात शौचाला बसलेला गावकरी होता. छापून झाल्यावर कोणी तरी लाज काढली, तेव्हा छापलेल्या प्रतींवर त्या जागी हाताने शाई फासण्यासाठी एक उमेदवार बसवला, आणि मग ठशात फळ्यांच्या दोन रेघा घालून बिचाऱ्याची अब्रू झाकली! त्या शाईखाली काय आहे हे पाहण्यासाठी वाचकांनी ती खरवडली असेल, असा आमचा तर्क आहे.

या चित्रांत थट्टा आहे तशी कळकळही आहे. त्याच्या गावची गायराने १८१२ मध्ये वाटून खाजगी झाली. त्या माळावर गाय, चार मेंढरे, मधमाश्यांची पोळी ठेवून मानाने जगणारे म्हातारे शेजारी त्याने पाहिले होते. त्यांचा आधार गेला याचे दुःख त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. हे आत्मचरित्र त्याने उतारवयात मुलींसाठी लिहिले आणि ते १८६२ साली प्रसिद्ध झाले.

त्यातच त्याने आपल्या ठशांच्या टिकाऊपणाचा हिशेब दिला आहे. वर्तमानपत्रासाठी कोरलेल्या न्यूकॅसलच्या देखाव्याच्या एका ठशाचे नऊ लाखांवर छाप निघाले, असे तो सांगतो. ताम्रपटाने अशी झीज सोसली नसती. याच गुणामुळे १८३२चे ‘पेनी मॅगझिन’, १८४२चे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ ही सचित्र पत्रे लाकडी ठशांवर उभी राहिली. पण तेथे चित्रकार वेगळा आणि कोरणारा वेगळा झाला; मोठे चित्र अनेक लहान ठोकळ्यांवर वाटून एकेक तुकडा एकेका कारागिराने रात्रीतून कोरायचा. पांढरी रेघ पुन्हा दुसऱ्याच्या काळ्या रेघेची चाकर झाली, आणि शतकाच्या अखेरीस छायाचित्रावरून ठसे बनू लागल्यावर तीही नोकरी गेली.

१८१८ साली त्याने इसापनीती काढली. वर्गणीदारांना जी पावती दिली तिच्यावर सहीबरोबर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा कोरून छापला. आपल्याकडे अंगठेबहाद्दर म्हणजे निरक्षर. येथे आयुष्यभर अक्षरांच्या शेजारी राहिलेला माणूस अंगठा उठवून सांगत होता की ही प्रत खरी, कारण अशा रेघा दुसऱ्या कोणाच्या अंगठ्याला नाहीत. बंगालमध्ये जंगीपूरला हर्शेलसाहेबाने करारावर हाताचा छाप घेतला तो त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८५८ साली.

१८२७ मध्ये अमेरिकेचा पक्षिचित्रकार ऑड्युबॉन त्याच्या भेटीस आला. एकाची चित्रे तीन फुटांहून थोड्या अधिक लांबीच्या पुस्तकातली, गरुडसुद्धा खऱ्या आकाराचा. दुसऱ्याची तळहातात मावणारी. म्हातारा त्या वेळी एका ठशावर काम करीत होता: रात्रीच्या अंधारात झाडाच्या मुळांना आणि खडकांना भूत समजून घाबरलेला कुत्रा. दोघांचे चांगले जमले. ऑड्युबॉनने एका चिमुकल्या अमेरिकन पक्ष्याला ब्यूइकचे नाव दिले. ते अजून चालते.

अखेरच्या दिवसांत त्याच्यापुढे एक मोठा ठसा होता. राबराब राबून झिजलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा म्हातारा घोडा पावसात मरणाची वाट पाहत उभा आहे, असे ते चित्र. जनावरांशी होणाऱ्या क्रौर्याविरुद्ध ते स्वस्तात छापून झोपड्यांच्या भिंतींवर लागावे, आणि एकावर एक अनेक ठसे उमटवून त्यात छटा आणाव्यात, असा त्याचा बेत होता. पहिला ठसा पुरा होण्यापूर्वीच, ८ नोव्हेंबर १८२८ रोजी, तो गेला. त्याला ओव्हिंगहॅमला पुरले, जेथील ओसरीची फरशी त्याने खडूने भरली होती. घोड्याचे चित्र त्याच्या मुलाने १८३२ साली, जसे राहिले होते तसेच, छापून काढले.